एप्रनपेक्षा पेडल सांभाळा

कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून हृदयाची तपासणी आणि उपचार करतात त्या खोलीत, मी क्ष-किरण यंत्र चालवते. गरोदर बाई टेबलावर आली की घरचे आधी विचारतात, पोटावर शिशाचा एप्रन घालणार ना? घालते, त्यांना धीर येतो. पण किरण टेबलाखालून येतात, आणि छातीचं काम असेल तर बाळापर्यंत पोचतात ते बहुतेक आईच्या शरीरातच विखुरलेले. वरचा एप्रन ते फारसे अडवत नाही. खरं रक्षण किरण सुरू करणारं पेडल दाबणाऱ्या पायात आहे: शेवटची फ्रेम पडद्यावर गोठलेली असते, विचार करायचा तो तिच्याकडे बघून, पाय उचलून.

पल्स, म्हणजे किरणांचे ठोके, सेकंदाला 7.5 किंवा कमी ठेवा, झोत अरुंद करा, डिटेक्टर (किरण टिपून चित्र बनवणारा भाग) छातीजवळ आणा. शक्य तिथे कॅथेटर, म्हणजे ती नळी, जांघेऐवजी मनगटातून घाला, म्हणजे ओटीपोटावर झोत येतच नाही. हृदयाच्या कामात बाळाचा किरणांचा डोस बहुधा 50 मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे हा डोस मोजायचं एकक) बराच खाली राहतो. आईचा जीव धोक्यात असेल तर थांबू नका.