प्लांटमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी: अभिक्रियेतील उष्णतेविषयी काही अनुभव

पुण्यात रसायनशास्त्रात एम. एस्सी. किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतीत रुजू होणारी मुले सुरुवातीला बहुधा एकच गोष्ट विचारतात: ही अभिक्रिया उष्णता किती देते? प्रश्न योग्य असला, तरी ती उष्णता नेमकी केव्हा बाहेर पडते, हे ठाऊक नसेल तर नुसत्या आकड्यावरून रिअ‍ॅक्टर चालवता येत नाही.

तरीही आकडा काढावाच लागतो. समजा, अभिक्रियेची उष्णता प्रति मोल १०० किलोज्यूल आहे, एक किलो मिश्रणात २ मोल कच्चा माल आहे आणि मिश्रणाची विशिष्ट उष्णता सुमारे २ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश आहे. कूलिंग पूर्ण बंद पडले, तर तापमान सुमारे १०० अंशांनी चढू शकते. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये हे जाणवत नाही, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने काचेचा पृष्ठभाग मोठा असतो. त्याच आकाराचे भांडे हजार लिटरचे केले, तर प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग एक दशांश उरतो. प्रयोगशाळेत अर्ध्या तासात थेंबथेंब सोडलेला रिएजंट (अभिक्रियेसाठी घालायचे रसायन) प्लांटमध्ये काही तास घेतो, त्याचे कारण हेच.

नवख्यांना सर्वांत उशिरा उमगते ती गोष्ट म्हणजे अभिक्रिया न होता साठून राहिलेला माल. तापमान चढू लागले की ब्राइन (थंड केलेले मिठाचे पाणी) सोडून रिअ‍ॅक्टर आणखी थंड करावा, अशी सहज प्रवृत्ती असते. परंतु डोसिंग (रिएजंट हळूहळू सोडणे) चालूच ठेवून तापमान फार खाली नेले, तर अभिक्रिया मंदावते, सोडलेला रिएजंट तसाच साचतो आणि पुढे त्याची सगळी अभिक्रिया एकदम होते. वरच्याच उदाहरणात प्रक्रिया ३० अंशांवर चालली असून डोसिंग संपताना ४० टक्के रिएजंट शिल्लक असेल, तर कूलिंग गेल्यावर तापमान साधारण ७० अंशांपर्यंत जाईल. द्रावक टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) असेल, तर त्याचा उत्कलनबिंदू ६६ अंश आहे, म्हणजे तो उकळू लागेल. ग्रिग्नार्डमध्ये (मॅग्नेशियम आणि सेंद्रिय हॅलाइड यांच्या अभिक्रियेत) तर अभिक्रिया सुरू झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळेपर्यंत पुढचा हॅलाइड सोडूच नये. रिअ‍ॅक्शन कॅलोरिमीटरचा (उष्णता किती आणि केव्हा बाहेर पडते ते मोजणाऱ्या उपकरणाचा) आलेख पाहताना मी उष्णतेच्या एकूण बेरजेआधी डोसिंग थांबवल्यानंतर वक्र किती वेळ रेंगाळतो, ते पाहतो.

दोन थरांच्या नायट्रेशनमध्ये (नायट्रो गट जोडण्याच्या अभिक्रियेत) ढवळणारा अ‍ॅजिटेटर बंद पडला, तर धोका आणखी वेगळा असतो. थर वेगळे होतात, तापमान शांत दिसते आणि कोणीतरी घाईने ढवळणे पुन्हा सुरू करतो; मग न मिसळता साचलेल्या मालाची अभिक्रिया एकदम होते. म्हणूनच अ‍ॅजिटेटर थांबताच डोसिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल, असा इंटरलॉक (आपोआप चालणारी सुरक्षा-जोडणी) असलाच पाहिजे, आणि पुन्हा सुरू करण्याचा निर्णय एकट्या शिफ्ट ऑपरेटरवर टाकू नये.

मुख्य अभिक्रियेपलीकडे, वरच्या तापमानाला सुरू होणारे विघटन किंवा दुसरी अभिक्रियाही तपासावी लागते. त्यासाठी प्रथम डीएससी (थोडासा नमुना तापवत त्यातून बाहेर पडणारी उष्णता मोजण्याची चाचणी) आणि शंका आल्यास एआरसी (उष्णता बाहेर जाऊ न देता नमुना स्वतःच किती तापतो ते पाहणारी चाचणी) करतात. अमेरिकेत फ्लोरिडातील टी-टू लॅबोरेटरीजमध्ये १९ डिसेंबर २००७ रोजी १७५ व्या बॅचच्या वेळी कूलिंग गेले, सोडियम आणि द्रावक यांच्यातील दुसरी उष्मादायी अभिक्रिया सुरू झाली आणि स्फोटात चार जण दगावले. त्याआधीच्या इतक्या बॅचेस पार पडल्या होत्या, एवढ्यावरून प्रक्रिया सुरक्षित ठरत नाही, हे नवख्यांइतकेच जुन्यांनाही सांगावे लागते.

कूलिंग टॉवरच्या पाण्याचे गृहीत तापमानही तपासून घ्यावे. टॉवरचे पाणी हवेच्या ओल्या गोळ्याच्या तापमानाखाली (ओले फडके गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानाखाली) जात नाही, त्यामुळे आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या उन्हापेक्षा जूनची दमट हवा अधिक अडचणीची ठरू शकते. जानेवारीत ठरवलेला डोसिंगचा वेग जूनमध्ये तसाच वापरायचा असेल, तर जॅकेटला (भांड्याभोवतीच्या पाणी फिरवणाऱ्या आवरणाला) मिळणाऱ्या पाण्याचे त्या महिन्यातले तापमान घेऊन हिशेब नव्याने मांडावा आणि तो बॅच शीटवर लिहून ठेवावा.