'अं…' म्हटलंत की लिहून ठेवा: सप्लिमेंटची कल्पना कुठून काढायची

माझं पहिलं सप्लिमेंट, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या पात्रं वठवायच्या खेळासाठी लिहिलेली जोडपुस्तिका, ६४ पानांचं होतं. एका काल्पनिक राज्याचा ९०० वर्षांचा इतिहास, सात राजघराण्यांच्या वंशावळी, तीन चंद्रांचं पंचांग, सगळं हाताने काढलेल्या नकाशासकट. पुढच्या दोन वर्षांत आमच्या टेबलावर त्यातलं एकच पान उघडलं गेलं: गावांच्या नावांची यादी. राजघराण्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्यातल्या चोराचं पात्र वठवणाऱ्याने मात्र पहिल्याच सेशनला (खेळायच्या बैठकीला) विचारलं, "हा वेशीवरचा शिपाई पैसे खातो का? खात असेल तर किती?" याचं उत्तर ६४ पानांत कुठेही नव्हतं. मी म्हणाले, "अं…"

आता माझी सगळी सप्लिमेंट्स त्या 'अं'मधून निघतात. गेम मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पडद्यामागे, फाशांच्या शेजारी, मी एक छोटी वही ठेवते. खेळाडूने काही विचारलं आणि मी अडखळले की प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपायचा. उत्तर लिहायचं नाही, कारण त्या क्षणी जे सुचतं ते बहुधा थातुरमातुर असतं. दहाएक सेशन झाली की वही चाळायची आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून कितीदा आलाय ते बघायचं. माझ्या वहीतले काही:

"हे एवढं सोनं न्यायचं कसं?" (चार वेळा)
"आपले घोडे कुठायत?" (सहा वेळा, आणि दर वेळी तळघरातून बाहेर आल्यावरच)
"मेलेल्या माणसाची साक्ष चालते का?"
"ही शापित तलवार विकली तर तो गुन्हा होतो का?"

घोड्यांवर मी आठ पानांचं एक सप्लिमेंट केलं, नाव 'बाहेर थांबलेले'. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) खाली जीव धोक्यात घालत असताना वर घोडे, हमाल आणि मशालवाला पोरगा यांचं काय होतं, एवढंच त्यात आहे. माझं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं लिखाण तेच. त्यात एकही नवा मॉन्स्टर नाही.

ही रीत काही माझी नवी नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं तेव्हा सुरा असो की दोन हातांची तलवार, मूळ नियमांत दोन्हींची इजा एकाच सहा बाजूंच्या फाशावर ठरायची. मग कुठलाही खेळाडू विचारणारच की एवढं मोठं धूड मी वागवू कशाला. १९७५ साली 'ग्रेहॉक' हे पहिलं सप्लिमेंट आलं, त्यात शस्त्रागणिक इजेचे वेगळे फासे आले आणि चोर हा क्लासही (पात्राचा पेशा) आला. टेबलावर पडणाऱ्या प्रश्नाला दिलेलं सरळ उत्तर.

आता सोन्याचा प्रश्न घ्या. एक कल्पना वहीतून कागदावर कशी जाते ते त्यावरून दाखवते.

आमच्या पार्टीने ड्रॅगन मारला. गुहेत ४०,००० नाणी. सगळे नाचायला लागले आणि मी, जरा दुष्टपणेच, नियमांचं पुस्तक उघडलं. पाचव्या आवृत्तीत ५० नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे हा ढीग ८०० पौंडांचा, सुमारे ३६० किलो. माणूस पेलू शकतो ते वजन त्याच्या स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या आकड्याच्या) १५ पट पौंड. आमच्या चौघांची स्ट्रेंग्थ १६, १२, १० आणि ८, बेरीज ४६. म्हणजे चौघं मिळून ६९० पौंड. तेही चिलखतं, दोर, मशाली अंगावर नसताना. नुसती चेन मेलच ५५ पौंडांची असते. एका खेपेत काम होणार नाही हे उघड झालं आणि टेबलावर ड्रॅगनशी लढतानाही नव्हती अशी शांतता पसरली. उरलेल्या सोन्यापाशी थांबणार कोण? जो थांबेल त्याच्यावर भरवसा कितपत? ड्रॅगन मेल्याची बातमी गावात पोहोचायला किती वेळ लागेल?

हे तीन प्रश्न म्हणजेच सप्लिमेंट. ड्रॅगनचा इतिहास लिहायची गरज नाही. मी एक तक्ता केला: प्रत्येक खेपेला दोन सहा बाजूंचे फासे टाकायचे, बेरीज बघायची.

२: ड्रॅगनचं पिल्लू परत येतं. आईला शोधत.
३ ते ५: ज्यांचं सोनं मुळात लुटलं गेलं होतं त्या घराण्याचा कारकून येतो. हातात यादी, मागे सहा शिपाई, बोलणं अत्यंत अदबीचं.
६ ते ८: आसपासचे गावकरी टोपल्या घेऊन हजर. हमाली करायला तयार आहेत, वाटा मात्र आधी ठरवायचा.
९ ते ११: दुसरी एक पार्टी. तीही ड्रॅगन मारायलाच निघाली होती, उशीर झाला.
१२: कुणीच येत नाही. पण ढीग कालच्यापेक्षा कमी दिसतोय.

दोनच फासे का, तर मधल्या बेरजा जास्त पडतात म्हणून. ३६ जोड्यांपैकी १६ जोड्यांत ६ ते ८ येतं. २ आणि १२ प्रत्येकी एकाच जोडीत. म्हणून रोजचं, सहज खपणारं ते मध्ये घाला आणि विचित्र ते टोकांना. एकाच २० बाजूंच्या फाशावर हा तक्ता केलात तर पिल्लू आणि गावकरी सारख्याच वेळा येतील आणि तुमचं जग वेडसर वाटायला लागेल. नवखे लोक इथे हमखास चुकतात. मीही चुकले होते.

अजून एक. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे. 'सहा डाकू हल्ला करतात' ही ओळ मेलेली आहे. कारकुनाला यादीवर सही हवी आहे, गावकऱ्यांना वाटा हवा आहे. त्यामुळे तलवार काढायची की बोलायचं हे खेळाडूंना ठरवावं लागतं.

वही कोरी असेल, म्हणजे तुम्ही नुकतेच गेम मास्टर झाला असाल, तर दुसरा रस्ता आहे. नियमांतलं एखादं स्पेल (जादूचा मंत्र) उचला आणि विचारा, साहस वगैरे न करणाऱ्या माणसांचं यामुळे काय होत असेल? माझं आवडतं उदाहरण 'रेझ डेड', मेलेल्याला जिवंत करणारं. पाचव्या आवृत्तीत त्याला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, मृत्यूला दहा दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत, आणि धडाला डोकं नसेल तर स्पेल फसतं. या तीन अटी शेजारी शेजारी ठेवून बघा. श्रीमंताचा खून करणारा डोकं घेऊन जाणार किंवा प्रेत अकरा दिवस दडवणार. हिऱ्यांचा व्यापार ज्याच्या हातात त्याच्या हातात शहर. आणि दूर सरहद्दीवर कुणी पडलं की प्रेत घेऊन मंदिराकडे घोडे दामटणारे लोक असणार, ज्यांचा पगार दिवसांवर ठरत असेल. 'अकरावा दिवस' या नावाचं एक सप्लिमेंट माझ्या डोक्यात दोन वर्षं आहे. कुणाला लिहायचं असेल तर खुशाल लिहा, माझ्याच्याने ते होणार नाही असं दिसतंय.

साक्षीचा प्रश्नही असाच सुटतो. 'स्पीक विथ डेड'मध्ये प्रेताला पाचच प्रश्न विचारता येतात आणि विचारणारा त्याला शत्रू वाटला तर खरं बोलायचं बंधन त्याच्यावर नसतं. ते पाच प्रश्न विचारायचा हक्क कुणाचा, यावर पूर्ण कोर्टकचेरी उभी राहते. 'क्रिएट फूड अँड वॉटर' एका वेळी १५ माणसांना दिवसभर पुरतं; पाचव्या लेव्हलचा क्लेरिक (मंत्र जाणणारा पुजारी) ते दिवसातून दोनदा करू शकतो, म्हणजे ३० माणसं. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात ३०० माणसं असतील तर असे दहा क्लेरिक हवेत. सात असले तर? कोण उपाशी राहणार हे सातजण ठरवणार. सेनापती नावापुरता.

काय करू नये ते थोडक्यात. नवा क्लास पहिल्याच फटक्यात नको: तो पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत खेळून बघायला लागतो आणि तेवढा धीर मित्रांकडे नसतो. शंभर जादुई तलवारींची यादी नको. दहाव्या तलवारीनंतर लिहिणाराच कंटाळलेला असतो आणि ते दिसतं. आकड्यांची खिरापत तर अजिबात नको. २० बाजूंच्या फाशावर +१ म्हणजे पाच टक्के. 'ॲडव्हांटेज' (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) देणं त्याहून भारी पडतं: ११ किंवा जास्त हवे असतील तर ५० टक्क्यांची शक्यता एकदम ७५ वर जाते. एखाद्या अंगठीवर ते कायमचं देण्याआधी रात्रभर विचार करा.

मांडणीबद्दल माझा एकच हट्ट आहे. एक प्रश्न, एक पान. उलटून बघावं लागलं की गेम मास्टर पुन्हा 'अं' म्हणणार, मग तुम्ही लिहिलंत कशाला? तक्ता पानाच्या वरच्या अर्ध्यात, खुलासा खाली, आणि एनपीसीला (गेम मास्टर वठवतो त्या पात्राला) दोन ओळींपेक्षा जास्त जागा नाही: त्याला काय हवंय, आणि ते मिळालं नाही तर तो काय करेल. डोळ्यांचा रंग गेम मास्टरला सुचतो.

इतरांना द्यायचं असेल तर परवान्याचं बघून घ्या. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुले आहेत. ठरलेलं श्रेय छापून ते वापरता येतात, विकताही येतात. पण खेळातलं सगळंच त्यात नाही. बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर या मॉन्स्टरांची माहिती आणि आकडे, उदाहरणार्थ, नाहीत. आपलंच काहीतरी भयंकर बनवलेलं बरं.

मग चाचणी. आपण लिहिलेलं आपणच चालवून बघितलं तर काहीच कळत नाही, कारण पानावर नसलेलं आपल्या डोक्यात असतं आणि तोंडातून आपोआप निघतं. कागद दुसऱ्या गेम मास्टरच्या हातात द्या, कोपऱ्यात बसा आणि तोंड बंद ठेवा. मला हे फार जड जातं. सोन्याचं पान मी असंच एका मैत्रिणीला दिलं. पहिल्या खेपेला तिच्या फाशांची बेरीज चार आली. तिने कारकून इतका मवाळ रंगवला की खेळाडूंनी त्यालाच पार्टीत घेतलं. दुसऱ्या खेपेला आठ, गावकरी आले. वाट्यावरून घासाघीस सुरू झाली आणि मी खुश होऊन मागे रेलले.

तेवढ्यात त्यांच्यातल्या बार्बेरियनचं (रानटी योद्ध्याचं) पात्र वठवणाऱ्याने सगळ्यांना गप्प केलं. म्हणाला, सोनं गेलं उडत, ते गावाला देऊन टाका. आपण ड्रॅगनचं डोकं नेऊ या. केवढं जड असेल?

मैत्रिणीने माझ्या पानावरून बोट फिरवलं. वर, खाली, पुन्हा वर. मग म्हणाली, "अं…"

मी वही काढली.