चिकट अल्बममधले फोटो न फाडता सोडवायचे कसे

वर पातळ प्लास्टिक, खाली गोंदाच्या रेघा ओढलेलं पुठ्ठ्याचं पान. सत्तर-ऐंशीच्या दशकात असले अल्बम घरोघर आले आणि फोटोंची वाट लागली. मामा गेला तेव्हा त्याच्या मॉडेल विमानांच्या फोटोंचा असाच अल्बम ठाण्यात, नौपाड्याला आमच्याकडे आला. विमानं त्याने हाताने केलेली: बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, वर टिश्यू कागद, त्यावर डोप, म्हणजे कागद ताणून घट्ट करणारं रोगण. अल्बम आठवण म्हणून तसाच ठेवा, असं सगळे सांगतात. ऐकू नका. तो गोंद फोटो खातो. जपायचे ते फोटो.

ठाण्यात हे काम पावसाळ्यात काढायचंच नाही. खाडीच्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि बोट लागलं की ठसा कायमचा. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या, म्हणजे क्रम राहील.

आता खरं काम. मी पहिला फोटो सुरीने उचकटायला गेलो. डाव्या पंखाचं टोक पानावरच राहिलं. मागे मामाने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं, त्यातलं आता ‘इंजिन दुसऱ्यांदा’ एवढंच वाचता येतं. दुसऱ्यांदा काय, ते गोंदात गेलं. म्हणून सुरी, ब्लेड, पट्टी काही नको. केमिस्टकडून दात साफ करायचा फ्लॉस आणा, बिनमेणाचा. हातभर तुकडा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत न्या. दोरा पानाला घासत राहिला पाहिजे, फोटोला नव्हे. आणि वाकवायचं ते पान; फोटो सपाटच राहू द्या. फोटो वाकला की वरचा थर तडकतो, मग त्यावर उपाय नाही. एका फोटोला दहा मिनिटं लागली तरी चालेल. मी नंतर नात्यातले बरेच अल्बम सोडवले, घाई केली तेव्हाच फाटलं.

हटून बसला तर हेअर ड्रायर सर्वांत कमी गरमीवर, पानाच्या मागच्या बाजूने, वीतभर लांबून, अर्धा मिनिट. समोरून कधीही नाही. अल्बम फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला मिळेल. आपल्याकडच्या हवेत तो बाहेर काढताक्षणी पाणी सुटतं, त्यापेक्षा नको. स्पिरिटने गोंद पुसायला जाल तर मागची शाईही जाईल. तरीही सुटत नसेल तर फोटोभोवतीचं पान कापा आणि पुठ्ठ्यासकट ठेवा. वरचं प्लास्टिकच फोटोला चिकटलं असेल तर ओढू नका, त्याच्यासकट स्कॅन करा.

स्कॅन ६०० डीपीआयला, अगदी छोट्या प्रिंट असतील तर १२००, टिफ (TIFF) फाइलमध्ये, पुढून आणि मागून. मोठं करून पाहिलं की विमान बोलायला लागतं. इंजिनाच्या डोक्यावर आडवी दांडी असलेला स्क्रू दिसला तर ते बहुधा डिझेल, म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालणारं. तो स्क्रू फिरवून दाब जमवायचा. पंखाच्या टोकातून दोन तारा निघाल्या असतील तर कंट्रोल लाइन: तारांची मूठ (हँडल) धरून माणूस मधे उभा, विमान त्याच्याभोवती गोल. मामाच्या एका फोटोत विमान नुसतं पुसट दिसतं, पण मुठीवरची त्याची बोटं पांढरी पडलेली स्पष्ट कळतात.

मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, काठाला.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीनचे पाऊच घ्या, पीव्हीसीचे नकोत. मागे गोंद उरला असेल तर मधे बेकिंगचा बटर पेपर घाला. डब्यात सिलिका जेल टाका. डबा माळ्यावर नको आणि पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीच्या कपाटातही नको. आमचा मधल्या खोलीत आहे. तुटक्या पंखाचा फोटो आणि पानावर राहिलेलं टोक, दोन्ही एकाच पाऊचमध्ये.