भाषा बदलताना लिस्टची फंक्शने केवळ नावावरून निवडू नका

हॅस्केल, एफ शार्प यांसारख्या एका फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत नेताना बहुतेक जण ओळखीचे नाव नव्या भाषेच्या लायब्ररीत शोधतात आणि ते सापडले की निर्धास्त होतात. नाव सापडले नाही तर आपण निदान सावध तरी राहतो. तेच नाव वेगळ्या कामासाठी वापरलेले असेल, तर चूक बराच काळ लपून राहू शकते.

एफ शार्पमधले ‘लिस्ट.कलेक्ट’ प्रत्येक घटकापासून एक लिस्ट बनवून त्या सर्व लिस्टा सलग जोडते, म्हणजे हॅस्केलच्या ‘कॉन्कॅटमॅप’चे काम करते. स्कालामधले ‘कलेक्ट’ मात्र दिलेला नियम लागू पडणाऱ्या घटकांचेच रूपांतर करते आणि बाकीचे वगळते. त्याच्या जवळचे फंक्शन एफ शार्पमध्ये ‘चूज’ आणि हॅस्केलमध्ये ‘मॅपमेबी’ या नावाने आहे. घटकांचे गट पाडणाऱ्या ‘ग्रुपबाय’चेही तसेच आहे. हॅस्केलमध्ये ते फक्त शेजारचे समान घटक एकत्र करते, त्यामुळे १, १, २, १ या लिस्टचे तीन गट पडतात, तर एफ शार्पमध्ये दोनच. हॅस्केलसारखे वर्तन हवे असेल तर एलिक्सरमध्ये ‘चंक_बाय’ आणि क्लोजरमध्ये ‘पार्टिशन-बाय’ पाहावे.

सर्वाधिक काळजी ‘फोल्ड’च्या, म्हणजे लिस्टचे घटक एकेक करून एका साठवलेल्या मूल्यात मिसळत नेणाऱ्या फंक्शनच्या बाबतीत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. डावीकडून फोल्ड करताना हॅस्केल आणि ओकॅमल आपल्या फंक्शनला आधी साठवलेले मूल्य देतात आणि मग घटक. स्टँडर्ड एमएल, एल्म, रॅकेट आणि अर्लँग यांत हा क्रम उलटा असतो. बेरजेने चाचणी घेतली तर हा फरक दिसतच नाही. सुरुवातीचे मूल्य १०, लिस्ट १, २, ३ आणि क्रिया वजाबाकी घ्या: हॅस्केल ४ देईल, तर एल्म उणे ८. घटक आणि साठवलेले मूल्य एकाच टाइपचे (प्रकारचे) असल्यामुळे कंपायलरही इथे काही बोलत नाही. शिवाय ओकॅमलच्या ‘फोल्ड_लेफ्ट’मध्ये सुरुवातीचे मूल्य लिस्टच्या आधी येते आणि ‘फोल्ड_राइट’मध्ये लिस्टच्या नंतर, तो क्रम चुकला तर बहुधा टाइपची चूक लगेच दिसते.

भाषांतरानंतर शेवटच्या नोंदी गुपचूप गायब झाल्या असतील तर दोन लिस्टांच्या घटकांच्या जोड्या लावणारे ‘झिप’ तपासा: हॅस्केल आणि एलिक्सर लांब लिस्टचा उरलेला भाग टाकून देतात, तर ओकॅमलचे ‘कंबाइन’ असमान लांबीवर एक्सेप्शन (चूक दाखवून थांबणे) देते. एफ शार्पमध्ये सुरुवातीचे ठरावीक घटक घेणाऱ्या ‘टेक’ला पुरेसे घटक मिळाले नाहीत तर तेही एक्सेप्शन देते, हॅस्केलच्या ‘टेक’सारखे वागणारे फंक्शन तिथे ‘ट्रंकेट’ आहे.

म्हणून शोध टाइप सिग्नेचरपासून, म्हणजे फंक्शन कोणत्या प्रकारची मूल्ये घेते आणि कोणत्या प्रकारचे देते यापासून सुरू करावा. हॅस्केलसाठी हूगल हे शोधयंत्र नेमका असाच शोध घेऊ देते. सापडलेल्या फंक्शनला रिकामी लिस्ट, असमान लांबीच्या लिस्टा आणि वजाबाकीसारखी क्रम बदलताच उत्तर बदलणारी क्रिया, यांपैकी त्याला लागू पडेल ते देऊन जुन्या भाषेतले उत्तर शेजारी ठेवून पाहावे.