पायथनमध्ये ओळ तोडताना या चुका टाळा

ओळीतले शब्द सुटे करायचे म्हटलं की बरेच जण सवयीने स्प्लिट(' ') लिहून मोकळे होतात. इथेच गडबड होते. समजा 'पनवेल  १२ ४५०' या ओळीत गावानंतर चुकून दोन स्पेस पडल्या आहेत. स्प्लिट(' ') प्रत्येक स्पेसपाशी तोडतं, म्हणून हाती येतं ते असं: ['पनवेल', '', '१२', '४५०']. ती मधली रिकामी स्ट्रिंग इंट()ला दिली की व्हॅल्यूएरर, आणि आपण आकडे तपासत बसतो. (आकडे देवनागरी असले तरी इंट()ला चालतात, तिकडे संशय नको.) कंस रिकामा ठेवा. नुसतं स्प्लिट() सलग आलेल्या स्पेस, टॅब, न्यूलाइन सगळ्यांना मिळून एकच धरतं आणि दोन्ही टोकांची मोकळी जागाही काढून टाकतं.

पण म्हणून सगळीकडे रिकामा कंस नको. टॅबने रकाने पाडलेल्या फाइलमध्ये एखादा रकाना रिकामा असेल तर तो गायब होतो, पुढचे डावीकडे सरकतात, आणि एररही येत नाही. हे जास्त वाईट. तिथे कंसात टॅबच द्या. 'नवी मुंबई १२ ४५०'सारख्या ओळीला आरस्प्लिट(नन, २) वापरा: उजवीकडून दोनदाच तुटतं, गावाचं नाव अख्खं राहतं.

वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरं येतात. नॉन-ब्रेकिंग स्पेसवर (जिथे ओळ तुटू नये अशी स्पेस) रिकामं स्प्लिट() तोडतं, स्प्लिट(' ') नाही. झीरो-विड्थ स्पेसवर (शून्य रुंदीची, म्हणजे जागाच न घेणारी) मात्र दोन्ही तोडत नाहीत. नावात स्पेस असली तरी पायथन तिला मोकळी जागा मानत नाही. शंका आली की प्रिंट() नको, रेप्र() करून बघा, लपलेलं अक्षर कोडसकट दिसेल. फाइलचा फक्त पहिलाच शब्द जुळत नसेल तर सुरुवातीला बीओएम (फाइलचं एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) असण्याची शक्यता दाट; फाइल 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंगने उघडा.

मराठी मजकुराला सगळ्यात महाग पडतो तो 'शब्द पकडणारा' रेगेक्स, म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना. पायथनच्या आरई मोड्यूलमधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. त्यामुळे फाइंडऑल()ला बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस हा नमुना आणि 'मराठी' हा मजकूर दिला की ['मर', 'ठ'] मिळतं. इंग्रजी नमुन्यावर चाचणी केली तर हे कळतच नाही. त्यापेक्षा आधी स्प्लिट() करा, मग प्रत्येक शब्दाच्या टोकांची विरामचिन्हं काढायला स्ट्रिप('.,!?') चालवा.