ग्लोव्हज नसतील तर पिशवी चालते

रस्त्यात कोणी गाडीवरून पडलं, रक्त वाहतंय, मदत करायचीये पण अनोळखी माणसाच्या रक्ताला उघडा हात लावायची भीती वाटते, ती बरोबरच आहे. मी डिकीत रेनकोटसोबत दोन स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक धुतलेला सुती पंचा ठेवते.

१. आधी आपली गाडी कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि कोणाला तरी मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला उभं करा, नाहीतर आपणच उडायचो.

२. पिशवी हातात मोज्यासारखी चढवा, पंच्याची घडी जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबा.

३. सलग १० मिनिटं दाबून ठेवायचं. "थांबलं का" म्हणून सारखं उचलून बघू नका, सगळे हेच करतात आणि रक्त परत सुरू होतं. कापड भिजलं तर काढायचं नाही, त्यावरच दुसरं दाबायचं. तोवर दुसऱ्या कोणालातरी १०८ ला फोन करायला सांगा.

४. पिशवी उलटी करत काढा, म्हणजे रक्त आतच राहतं. हात साबणाने धुवा.

फक्त जखमेत काच किंवा सळई घुसली असेल तर ती उपसू नका, तिच्या आजूबाजूने दाबा. आणि हळद वगैरे अजिबात नको, टाके घालताना डॉक्टर वैतागतात.