इलेक्ट्रिक शेगडी काढून गॅस हॉब बसवताना

हॉब, म्हणजे ओट्याच्या दगडात बसवायची गॅस शेगडी, आधी घरात आणा, ओट्याचं ग्रॅनाइट नंतर कापा. या कामातला निम्मा घोळ हा क्रम उलटा झाल्याने होतो. 60 सेंमीच्या हॉबला दगडात साधारण 56 × 49 सेंमीचा कटआउट (कापलेला चौकोन) लागतो, पण प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं असतं आणि काच कडेवर जेमतेम दोन सेंमी टेकते. जास्त कापलेला दगड परत जोडता येत नाही. खोक्यातला साचा फरशीवाल्याच्या हातात द्या. कोपरे गोल कापायला सांगा, कारण काटकोनी कोपऱ्यातून ग्रॅनाइटला तडा जातो. पुढच्या बाजूला निदान 5 सेंमी दगड शिल्लक राहू द्या.

खरेदी करतानाच सिलिंडर की पाइप गॅस, हे दुकानदाराला सांगा. एलपीजी साधारण 30 मिलिबार दाबाने येतो, पाइप गॅस 21 ने, म्हणून पाइप गॅसच्या जेटचं (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं) छिद्र मोठं असतं. एलपीजीचा हॉब पाइप गॅसला जोडला तर ज्योत मिणमिणते. उलट केलं तर ती उंच आणि पिवळी होते, भांडी काजळतात. जेट कंपनीच्या मेकॅनिककडूनच बदलून घ्या. तार घालून छिद्र मोठं करणारे महाभाग भेटतात, त्यांना बर्नरला हात लावू देऊ नका.

जुन्या शेगडीची लाइन इलेक्ट्रिशियनकडून एमसीबीपाशी (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचपाशी) बंद करून घ्या. हॉबच्या इग्निशनला (ठिणगीने बर्नर पेटवणाऱ्या यंत्रणेला) बॅटरी किंवा साधा 6 अँपिअरचा पॉइंट पुरतो. शेगडीच्या 32 अँपिअरच्या लाइनला इग्निशनची बारीक वायर जोडू नका, कारण बिघाड झाला तर एमसीबी पडण्याआधी ती वायर जळेल. जुनी जाड केबल उपटूही नका. टोकं बंदिस्त करून, वर झाकण लावून ठेवा, पुढे ओव्हनला कामी येते.

गॅसची जोडणी एलपीजी असेल तर वितरकाच्या मेकॅनिककडून आणि पाइप गॅस असेल तर त्या कंपनीच्या माणसाकडून करून घ्या, नळवाल्याकडून नको. नारिंगी सुरक्षा ट्यूब आयएसआय मार्कची, जास्तीत जास्त दीड मीटरची आणि मध्ये जोड नसलेली हवी. ती पाच वर्षांनी बदलायची. अंतर जास्त असेल तर तांब्याची पाइप घ्या. ट्यूब बर्नरच्या डब्याखालून जात असेल तर तापून कडक होते, म्हणून हॉबचा इनलेट कोणत्या कोपऱ्यात आहे ते पाहून कपाटाचं भोक पाडा. सिलिंडर उभाच ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या कपाटाला जाळी तळाशी हवी. पाइप गॅस हलका असतो, त्याला जाळी वर लागते.

सुतार मंडळी विसरतात ती गोष्ट हॉबखालच्या हवेची. अनेक हॉबचे बर्नर ज्वलनाची हवा खालून ओढतात. खाली ट्रॉली घट्ट बंद बसवली की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, नॉब तापतात आणि ट्रॉली ढकलली की धक्क्याने ज्योत विझते. मग दोष हॉबला दिला जातो. ट्रॉलीच्या मागे चार-पाच सेंमी मोकळी जागा आणि कपाटाला जाळी ठेवली की हे टळतं. चिमणी हॉबपासून 65 ते 75 सेंमी वर ठेवा, नेमकं अंतर दोन्ही माहितीपुस्तिकांत ताडून पाहा.

हॉब बसवताना काचेखाली सोबत आलेली फोमची पट्टीच लावा. सिलिकॉनने चिकटवला तर दुरुस्तीच्या वेळी काच फुटण्याची भीती.

शेवटी रेग्युलेटर चालू करून, नॉब बंद ठेवून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून तपासू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर जाऊन 1906 वर फोन करा (हा क्रमांक एलपीजीचा, पाइप गॅस कंपनीचा वेगळा असतो). मेकॅनिक निघण्यापूर्वी सगळे बर्नर मंद आचेवर ठेवून खालची ट्रॉली दोन-तीनदा उघडझाप करून पाहा.